समुद्राकाठची इलेक्ट्रिक गाडी, खालचा गंज आणि अंडरबॉडी कोटिंगचा प्रश्न

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घर गुहागरजवळ, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. इलेक्ट्रिक गाडी घेऊन सव्वा वर्ष झालं. पंक्चर काढायला गाडी उचलली तेव्हा लोअर आर्मवर (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा), ब्रेकच्या डिस्कवर आणि बॅटरीच्या पेटीच्या बोल्टांवर गंज दिसला, एका ठिकाणी पांढरी भुकटीही दिसली. ओळखीचा गॅरेजवाला १८ हजारांत संपूर्ण अंडरबॉडी कोटिंग, म्हणजे गाडीच्या तळाला गंजरोधक लेप, करून देतो म्हणतोय. बॅटरीला धोका आहे का, कोटिंग करावं का, आणि जुलै-ऑगस्टमध्ये दीड महिना मुलीकडे पुण्याला जाताना गाडी बंद ठेवायची आहे तर काय करावं, हे तुम्ही विचारलंय.

मी रत्नागिरीत गाड्यांच्या बॉडीचं आणि खालच्या बाजूचं काम करतो. आधी पेट्रोल-डिझेलच्या गाड्या, आता त्यांच्याबरोबर इलेक्ट्रिकही. त्या कामातून जे कळलंय ते सांगतो. गाडी प्रत्यक्ष पाहिलेली नाही, त्यामुळे काही गोष्टी "असं असेल तर असं" अशाच सांगाव्या लागतील.

पहिली गोष्ट, कोटिंगचे पैसे आत्ता देऊ नका. कोटिंग वाईट असतं म्हणून नव्हे. तुमच्या गाडीखाली आत्ता मीठ बसलेलं आहे आणि मिठावर कोटिंग मारलं तर गंज आत कोंडला जातो. आधी मीठ काढायचं, मग कुठे किती गंज आहे ते पाहायचं, जिथे गरज आहे तिथे उपचार करायचा आणि मग झाकायचं. हा क्रम उलटा केला की नुकसान होतं, आणि आपल्या भागात तो सर्रास उलटा केला जातो.

आपल्याकडे लोक गंजाचा दोष पावसाला देतात. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे ते साहजिक आहे. पण मी जे पाहतो ते वेगळं आहे. घाटमाथ्यावर पाऊस याहून जास्त, तरी तिथल्या गाड्या किनाऱ्यावरच्या गाड्यांइतक्या गंजत नाहीत. फरक मिठाचा. लाट फुटते तेव्हा खाऱ्या पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब हवेत उडतात, वाऱ्याबरोबर आत येतात आणि धातूवर बसतात. किनाऱ्यापासून जसजसं आत जावं तसं त्यांचं प्रमाण झपाट्याने कमी होतं. म्हणून गुहागरची गाडी आणि चिपळूणची गाडी यांना एकच सल्ला देता येत नाही.

आता हे मीठ काय करतं बघा. पावसाळ्यात स्वयंपाकघरातलं मीठ बरणीतच ओलं होतं, कुणी पाणी घातलेलं नसतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी ओढतं. म्हणजे कोकणात ज्या धातूवर समुद्राचं मीठ बसलंय तो धातू जानेवारीतल्या कोरड्या दुपारीही पूर्ण सुका नसतो. त्यावर खाऱ्या पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर असतो. गंज ही विजेची क्रिया आहे, लोखंडाच्या एका जागेहून दुसऱ्या जागेकडे सूक्ष्म प्रवाह वाहतो, आणि खारं पाणी तो प्रवाह सहज वाहू देतं. शिवाय मिठातलं क्लोराइड धातूवरचे संरक्षक थरही फोडतं.

यातून एक गोष्ट निघते. पाऊस बोनेट आणि छतावरचं मीठ धुऊन नेतो. चाकाच्या कमानीत, सबफ्रेमच्या (मोटर आणि आर्म पेलणाऱ्या खालच्या चौकटीच्या) खाचेत, बॅटरीच्या पेटीच्या कडेला, खालच्या प्लास्टिकच्या पत्र्याआड पाऊस पोहोचत नाही, तिथे मीठ साठतच राहतं. गाडी पावसात उभी होती म्हणून गंजली असं वाटतं. खरं तर जिथे पाऊस लागलाच नाही तिथेच ती जास्त गंजलेली असते. आणि ऑक्टोबर ते मे हा काळ, जेव्हा पाऊस नसतो आणि आपण गाडी खालून धुवायचं विसरतो, तोच मीठ साठण्याचा काळ.

इलेक्ट्रिक गाडीचं यात वेगळं काय? तीन गोष्टी. एक, पेट्रोलच्या गाडीत इंजिन आणि सायलेन्सरची उष्णता खालचा भाग वाळवते. इलेक्ट्रिक गाडीत ती उष्णता जवळपास नाहीच, त्यामुळे बोनेटखाली आणि तळाशी ओल जास्त वेळ राहते. दोन, हवा नीट कापली जावी म्हणून खालून सपाट प्लास्टिकचे पत्रे लावलेले असतात, त्यांच्यावर चिखल साचून बसतो आणि तो दिसत नाही. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, रिजनरेशनमुळे, म्हणजे वेग कमी करताना मोटरच गाडीला अडवून वीज परत बॅटरीत भरते त्यामुळे, ब्रेक फार कमी लागतात. बाकी चेसिसचं लोखंड तेच, रंग तोच, गंजही तोच.

तपासायच्या आधी गाडी खालून स्वच्छ धुऊन घ्या. हे सांगायचं कारण आपली लाल माती. जांभ्याच्या मातीचा रंगच लोहाच्या ऑक्साइडचा आहे आणि ती आर्मवर वाळून बसली की हुबेहूब गंज दिसते. घाबरून आलेल्या काही गिऱ्हाइकांचा अर्धा "गंज" माझ्याकडे नुसत्या पाण्याने गेला आहे. धुतल्यावर जे उरेल त्याचा रंग बघा. लाल-तपकिरी म्हणजे लोखंड. पांढरी भुकटी म्हणजे जस्त किंवा ॲल्युमिनियम. हिरवट-निळसर म्हणजे तांबं. हे तीन रंग ओळखता आले की कुठे काळजी करायची ते निम्मं ठरतं.

लाल गंजाच्याही पायऱ्या असतात. नुसता रंग बदललाय, बोट फिरवलं की तपकिरी पूड लागते आणि धातू खाली गुळगुळीत आहे, हा वरवरचा गंज. पोपडे सुटताहेत, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं की खपल्या पडतात, खाली खड्डे आहेत, ही दुसरी पायरी. टोकाने दाबल्यावर पत्रा आत जातो किंवा भोक पडतं, ही तिसरी. सव्वा वर्षाच्या गाडीत तिसरी पायरी मी पाहिलेली नाही. ती असलीच तर गाडी आधी कुठे बुडालेली होती का, हा प्रश्न विक्रेत्याला लेखी विचारा. तुमच्या वर्णनावरून लोअर आर्मवर पहिली पायरी वाटते, फार तर वेल्डच्या कडेला दुसरीची सुरुवात. कारखान्यात या भागांना विजेच्या मदतीने बुडवून रंग चढवतात, पण धारदार कडांवर आणि वेल्डच्या शिवणीवर तो पातळ बसतो, म्हणून गंज नेहमी तिथूनच सुरू होतो.

आता बॅटरीच्या पेटीचे बोल्ट. त्यांच्यावर जस्ताचा लेप असतो. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं आणि झिजताना पांढरं पडतं. तुम्हाला दिसलेली पांढरी भुकटी बहुधा तीच, किंवा पेटीचं ॲल्युमिनियम. जस्त संपलं की बोल्टाचं डोकं लाल होतं. डोक्यावरचा लाल थर दिसायला वाईट असला तरी बोल्टाची ताकद त्याच्या दांड्यात असते आणि दांडा आत सहसा सुरक्षित असतो. पुढच्या सर्व्हिसला ते बोल्ट ठरलेल्या टॉर्कला (आवळायच्या जोराला) आहेत का हे तपासायला सांगा. बदलायचे झाले तर कंपनीचेच घ्या. बाजारातला स्टेनलेसचा बोल्ट गंजत नाही म्हणून लावू नका. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजतं, बोल्ट चकचकीत राहतो आणि त्याच्याभोवतीची पेटी खराब होते. आट्यांना ग्रीस किंवा ऑइलही लावू नका, त्याने त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

पेटीत पाणी जाईल का, ही तुमची खरी भीती. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या बॅटरीला आयपी ६७ हा दर्जा असतो. त्याचा अर्थ, एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवली तरी घातक प्रमाणात पाणी आत शिरत नाही. ही चाचणी नव्या पेटीची असते, ती वर्षानुवर्षांच्या खाऱ्या हवेबद्दल काही सांगत नाही. तरीही नुसत्या खाऱ्या हवेने पेटी सडून पाणी आत गेलं असं तुमच्या वयाच्या गाडीत होण्याची शक्यता मला फार कमी वाटते. पेटीचा खालचा पत्रा दगडावर आपटून लेप खरवडला असेल तर मात्र ती जागा महत्त्वाची. तिचा फोटो काढा, तारीख नोंदवा आणि सर्व्हिस सेंटरला दाखवून जॉब कार्डवर लिहून घ्या. त्या जागेवर स्वतः ग्राइंडर, वायर ब्रश किंवा ॲसिड चालवायचं नाही.

खारं पाणी शिंतडणं आणि खाऱ्या पाण्यात बुडणं यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाला इयन चक्रीवादळाचा तडाखा बसला तेव्हा समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांनी पाणी ओसरल्यावर पेट घेतला. खारं पाणी आत शिरलं की वाळताना मिठाचा थर मागे ठेवतं आणि तो विजेला नको तिथे वाट करून देतो. आपल्याकडे उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी खाजणातल्या रस्त्यांवर येतं. तिथून गाडी नेऊ नका, वळसा घ्या. गाडी बॅटरीच्या पातळीपर्यंत खाऱ्या पाण्यात उभी राहिलीच तर चालू करू नका, चार्जिंगला लावू नका, घरापासून आणि दुसऱ्या गाड्यांपासून लांब उघड्यावर ठेवून कंपनीला कळवा. पुळणीवर गाडी उतरवणंही तसंच टाळा. पर्यटक हौसेने लाटांच्या कडेने गाड्या फिरवतात, तेव्हा त्या गाड्यांच्या मालकांना थांबवून सांगावंसं वाटतं.

ब्रेकबद्दल जरा जास्त बोलतो, कारण तुमच्या प्रश्नातली मला खरी काळजी वाटली ती ब्रेकची. डिस्क उघड्या बिडाची असते, तिला रंग नसतो. रात्रभरात तिच्यावर नारिंगी झाक येते ती सकाळी दोन-चार ब्रेक मारले की जाते. त्याची चिंता नको. पण इलेक्ट्रिक गाडीत पेडल दाबलं तरी बऱ्याचदा मोटरच गाडी थांबवते आणि पॅड डिस्कला जेमतेम शिवतात. एका पेडलवर चालवायची सवय असेल तर आठवडेच्या आठवडे खरा ब्रेक लागत नाही. मग झाक जाऊन थर येतो, थराखाली खड्डे पडतात, आणि पॅड घासतो ती पट्टी अरुंद होत जाते. पॅडची जाडी नव्यासारखी आणि ब्रेक मात्र कमजोर, असं इथे दिसतं. मालक म्हणतो पॅड संपलेच नाहीत, मग ब्रेकचं काम कशाला? काम पॅडचं नसतंच. पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिना आणि पॅड बसतो ती खाच गंजून जाम झालेली असते. त्यामुळे एकच बाजू घासते, गाडी ओढते, आणि एकदम जोरात ब्रेक लावायची वेळ येते तेव्हा अंतर वाढतं.

हे गंजणं गाड्यांच्या कारखानदारांनाही ठाऊक आहे. फोक्सवागनने आयडी.३ आणि आयडी.४ या इलेक्ट्रिक गाड्यांना मागे मुद्दाम ड्रम ब्रेक दिले, त्यामागचं एक कारण हेच. आपल्या टियागो ईव्हीलाही मागे ड्रमच आहेत. ड्रम म्हणजे जुनाट, हा समज किनाऱ्यावर राहणाऱ्याने तरी सोडावा.

उपाय सोपा आहे आणि फुकटचा. आठवड्यातून एकदा मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे गाडी नाही हे पाहून, रिजनरेशन शून्यावर न्या आणि ताशी ५०-६० च्या वेगावरून पाच-सहा वेळा दमदार ब्रेक लावा. चाकं लॉक करायची नाहीत, गाडी पूर्ण थांबवायचीही गरज नाही. शून्याची सोय नसेल तर बॅटरी पूर्ण भरलेली असताना निघा. भरलेल्या बॅटरीत वीज घ्यायला जागा नसते म्हणून त्या वेळी रिजनरेशन कमी होतं आणि ब्रेक खरे लागतात. गाडी धुतल्यावर तर हे कराच, ओला ब्रेक तसाच उभा करू नका. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, चारही चाकं काढून पिना साफ करून त्यांना ब्रेकचंच सिलिकॉन किंवा सिंथेटिक ग्रीस लावून घ्या. साधं चाकाचं ग्रीस रबराची बुटं फुगवतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि आतून कॅलिपर गंजवतं, ते साधारण दोन वर्षांनी बदला, किलोमीटर कितीही कमी असोत. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. गंज काढायला डिस्क लेथवर घासून घ्यायची झाली तर उरणारी जाडी त्याच्या वर राहते का ते आधी मोजायला सांगा. आणि डिस्कवर गंजरोधक फवारा, रस्ट कन्व्हर्टर, ऑइल, काहीही मारायचं नाही. यात अपवाद नाही.

आता दिसत नाही पण त्रास देतो असा गंज, म्हणजे अर्थिंगचा. मोटर, चार्जर, इन्व्हर्टर यांची धातूची कवचं जाड पट्ट्यांनी चेसिसला जोडलेली असतात. आत कुठे इन्सुलेशन बिघडलं तर कवचाला शिवणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून ही व्यवस्था. नियमाप्रमाणे या जोडाचा रोध (विजेला होणारा अडथळा) ०.१ ओहमपेक्षा कमी असावा लागतो. तांब्याची पट्टी, लोखंडाचा बोल्ट, ॲल्युमिनियमचं कवच, तीन धातू एका जागी आणि वर खारी हवा, म्हणजे गंजायला उत्तम जागा. हिरवी किंवा पांढरी भुकटी अशा जोडापाशी दिसली तर ती पुसून गप्प बसू नका, सर्व्हिस सेंटरला रोध मोजायला लावा. त्यांच्याकडे त्याचा मीटर असतो. डॅशबोर्डवर इन्सुलेशनचा किंवा हाय व्होल्टेजचा इशारा आला तर गाडी सुरक्षित जागी थांबवा आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत बोनेटखाली हात घालू नका.

१२ व्होल्टची छोटी बॅटरी या गाड्यांतही असते आणि तिचे टर्मिनल फुलतात तसे इथेही फुलतात. ते स्वच्छ करून घट्ट करायचे आणि नंतर वरून पेट्रोलियम जेली लावायची. चार्जिंगच्या पिना मात्र घासायच्या नाहीत, त्यांच्यावर सहसा चांदीचा पातळ लेप असतो. फवारे आणि ग्रीसही नको. झाकण बंद ठेवा, पिना काळवंडल्या किंवा चार्जिंगची गन गरम लागली तर दाखवा. मोटर आणि बॅटरी थंड ठेवणाऱ्या पाण्याची टाकी कमी झाली म्हणून विहिरीचं पाणी ओतू नका. आतल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या त्याने गंजतात, आणि काही गाड्यांत कमी वीजवाहक असा खास कूलंट असतो, तो बिघडतो. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलाच घाला.

धुण्याबद्दल. समुद्र दिसेल इतक्या जवळ राहणाऱ्यांनी महिन्यातून दोनदा, आतल्या गावांत महिन्यातून एकदा गाडी खालून गोड्या पाण्याने धुवावी, आणि पाऊस नसलेल्या महिन्यांत हे मुळीच चुकवू नये. बागेचा पाइप पुरतो. चाकाच्या कमानी, आर्मच्या खाचा, दरवाजांखालच्या पट्टीची दोन्ही टोकं इथे पाणी मुरवा, जोरापेक्षा वेळ महत्त्वाचा. प्रेशर वॉशर वापरलात तर नारिंगी (हाय व्होल्टेजच्या) केबल, त्यांचे जोड, रबरी सील यांच्यापासून लांब धरा. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निघायची भोकं असतात ती मोकळी आहेत का पाहा. आणि पाणी कुठलं वापरता तेही बघा. किनाऱ्यालगतच्या विहिरी मार्च-एप्रिलनंतर मचूळ होतात. पाणी चवीला मचूळ लागत असेल तर त्याने गाडी धुणं म्हणजे मीठ चोपडणं. नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. वर्षातून एकदा खालचे प्लास्टिकचे पत्रे काढून वरचा चिखल काढून घ्या, हे काम सर्व्हिस सेंटरला करू द्या.

मासळीचंही सांगून ठेवतो. बर्फाच्या मासळीची पेटी डिकीत ठेवली की खारं पाणी गळून गालिच्याखाली जातं आणि पत्रा आतून सडतो. माझ्याकडे येणाऱ्या एका मासळीच्या व्यापाऱ्याच्या गाडीला बाहेरून डाग नव्हता आणि स्टेपनीच्या खळग्यात पत्रा चाळण झाला होता. खाली काठ असलेला प्लास्टिकचा ट्रे ठेवा.

आता उपचार. लोअर आर्म आणि सबफ्रेमवरचा वरवरचा गंज तुम्ही स्वतः काढू शकता, जवळ नारिंगी केबल नसेल तर. गाडी उचलताना जॅक फक्त पुस्तकात दाखवलेल्या जागी लावा, बॅटरीच्या पेटीला कधीही नाही, आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका, खाली स्टँड हवेत. धुऊन पूर्ण वाळवा. तारेच्या ब्रशने सैल गंज काढा, मग ८० नंबरच्या आणि त्यानंतर १२० च्या पॉलिश पेपरने घासा, कडेचा चांगला रंग थोडा आत घासून उतरता करा. खड्ड्यांत जो गंज राहतो त्याच्यावर रस्ट कन्व्हर्टर. त्यातलं फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल गंजाचं काळसर, स्थिर संयुग बनवतं. सैल पोपड्यांवर ते चालत नाही, आणि ॲल्युमिनियमवर किंवा जस्ताच्या पत्र्यावर ते लावायचं नसतं. स्प्रिंग आणि ताणाखालच्या कडक बोल्टांनाही आम्ल लावू नका, त्याने असं पोलाद ठिसूळ होऊन तडकू शकतं. डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण वाळू द्या, मग हार्डनर घालून इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, वर काळा चेसिस पेंट. साध्या लाल प्रायमरवर थांबू नका, तो पाणी पितो.

हे काम पावसाळ्यात करू नका. रंगकामाचा नियम असा की आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी आणि धातू दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं त्यापेक्षा) किमान ३ अंशांनी गरम हवा. जुलैत आपल्याकडे हे क्वचितच जमतं. दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतच्या कोरड्या दुपारी सगळ्यात चांगल्या. तोवर घासलेल्या जागी वॅक्स किंवा लॅनोलिनचा हात मारून ठेवला तरी पुरतं, पण मग रंगाच्या वेळी तो थिनरने नीट काढावा लागेल. पत्रा कापून वेल्डिंग करायची वेळ आली तर कंपनीने प्रशिक्षण दिलेल्या वर्कशॉपमध्येच जा. हाय व्होल्टेज बंद करून, कपॅसिटर रिकामे व्हायची वाट पाहून, शून्य व्होल्ट मोजून मगच तिथे हात घालतात. रंग भाजायच्या भट्टीत गाडी घालायची तर बॅटरी किती तापमान सोसेल याची मर्यादाही त्यांच्याकडे लिहिलेली असते.

आणि आता ते १८ हजारांचं कोटिंग. बाजारात साधारण दोन जाती मिळतात. एक, डांबरी किंवा रबरी जाड काळा थर. तो दगडाच्या माऱ्याला चांगला, आवाजही कमी करतो. पण धातू मिठापासून स्वच्छ नसेल, किंवा पुढे थराला चीर गेली, तर पाणी आत शिरतं आणि बाहेर पडत नाही. मी असे पोपडे उचलले आहेत ज्यांच्या बाहेर सगळं काळंभोर छान होतं आणि आत ओला, जाड गंज. शिवाय पुढच्या तपासणीत काहीच दिसत नाही. दोन, वॅक्स किंवा लॅनोलिनचा मऊ थर. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतला चिकट पदार्थ. तो फटीत सरकत जातो, ओरखडा पडला तरी काही प्रमाणात भरून येतो, आतलं दिसत राहतं. तोटा हा की तो पावसाने आणि धुण्याने निघतो, दर वर्षी पुन्हा मारावा लागतो, आणि त्यावर धूळ चिकटते. कॅनडातले व्हिडिओ बघून लोक दर वर्षी तेल फवारायचं म्हणतात. तिथे रस्त्यावर बर्फासाठी मीठ टाकतात, त्यामुळे मुद्दा आपल्याला लागू आहे, पण नुसतं तेल आपल्या चार महिन्यांच्या पावसात टिकत नाही, आणि खनिज तेल आर्मच्या जोडांतल्या रबरी बुशांना खातं.

तुमच्या जागी मी वॅक्स घेईन, तेही नोव्हेंबरात, सगळं धुऊन वाळवून आणि वर सांगितलेली डागडुजी करून. सबफ्रेमच्या पोकळ्या, आर्मच्या शिवणी, दरवाजांखालची पट्टी आतून, चाकाच्या कमानीच्या कडा, एवढ्याच जागा. बॅटरीची पेटी, तिच्यावरची हवा सोडणारी झडप, नारिंगी केबल आणि त्यांचे जोड, रेडिएटर, सेन्सर, ब्रेक, रबरी बुश आणि पाणी निघायची भोकं सगळं टेपने झाकून मगच फवारायला सांगा. ती झडप सगळ्यात महत्त्वाची. पेटीतला दाब बाहेर जायची वाट तीच असते आणि कोटिंगने बुजली तर धोका गंजापेक्षा कितीतरी मोठा. गॅरेजवाल्याला विचारा की झडप कुठे आहे. त्याला दाखवता आली नाही तर काम त्याला देऊ नका, ओळख कितीही जुनी असो. आणि बाहेरून कोटिंग केल्याने वॉरंटीला बाधा येते का, हे आधी कंपनीकडून ईमेलवर विचारून घ्या, तोंडी नको.

राहिला जुलै-ऑगस्टचा दीड महिना. निघायच्या आदल्या दिवशी गाडी खालून धुवा, मग पंधरा-वीस मिनिटं चालवून ब्रेक गरम करून वाळवा. सपाट जागी, वर छप्पर आणि बाजूंनी वारा असेल अशी उभी करा. अंगणात मातीवर किंवा गवतावर नको, जमिनीची ओल थेट तळाला लागते. प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम सुटतो. पी मध्ये ठेवून चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा आणि पार्किंग ब्रेक सोडून ठेवायची सोय तुमच्या गाडीत असेल तर सोडा, नाहीतर पॅड डिस्कला चिकटून बसतात. बॅटरी किती भरलेली ठेवायची ते पुस्तकात असतं, सहसा निम्म्याच्या आसपास. १२ व्होल्टच्या बॅटरीचंही तिथेच लिहिलेलं असतं. आणि गाडी चालवणारा भरवशाचा कोणी शेजारी असेल तर चावी त्याच्याकडे द्या. आठवड्यातून एकदा रिजनरेशन शून्यावर ठेवून त्याने जवळच्या मोडक्याआगरपर्यंत जाऊन आलं तरी ब्रेक मोकळे राहतील. परत आल्यावर चाकं फिरताना खरखर किंवा ठणका ऐकू आला तर जोराने पळवू नका, आधी चाक काढून पिना बघून घ्या. धुतल्यानंतरचे आर्मचे आणि त्या पांढऱ्या भुकटीचे जवळून घेतलेले फोटो इथे टाकलेत तर त्यावरून आणखी नेमकं सांगता येईल.